जुईच्या पोटातले रंग

कॉलनीच्या क्लबात कुणाच्या तरी वाढदिवसाला जुईनं केक नाकारला. नुसता नाकारला असता तर ठीक. तिनं मान फिरवली, ओठ चपटे केले आणि दातांतून हवा आत ओढून ‘च्स्स’ असा लांबलचक आवाज काढला. इथल्या बायका एखादी गोष्ट पटली नाही की काढतात, तो. जेमतेम वर्षाची पोर!

घोरपडेवहिनी हसत हसत खुर्चीत मागे रेलल्या. “अगोबाई, शलाका! ही तर अगदी नेकेसावर गेली गं!”

सगळ्या हसल्या. मीही हसले. हसता हसता जुईला जरा जवळ ओढलं, तर ती माझ्या मांडीवरून वाकली आणि दाराशी उभ्या असलेल्या नेकेसाकडे तिनं दोन्ही हात पसरले.

नेकेसा आमच्याकडे जुईला सांभाळायची.

आम्ही पश्चिम केनियात राहतो. माझा नवरा इंद्रजित इथल्या साखर कारखान्यात केमिस्ट आहे. कऱ्हाड-सांगलीकडची माणसं इकडच्या कारखान्यांत येतात, कॉलनीत गणपती बसवतात, आपटा मिळत नाही म्हणून दसऱ्याला भलत्याच झाडाची पानं वाटतात, आणि कुंपणाबाहेरच्या गावाशी त्यांचा संबंध बाजारापुरता. माझाही तेवढाच होता. मी आहारशास्त्रात बी.एस्सी. केलंय, पण जुई झाल्यापासून त्या पदवीचा उपयोग फक्त घाबरायला झाला. कशात कुठले जंतू असतात ते मला माहीत होतं आणि काही केल्या विसरता येत नव्हतं.

जुई सिझेरियननं झाली. मागोमाग मला ताप, मग अँटिबायोटिक्स, मग तिलाही तीच. आई फोनवरून शतावरी, अळीव, खसखस सांगत राहिली आणि माझं दूध आटत गेलं. नेकेसा पहिल्यांदा आली तेव्हा जुई म्हणजे रडून थकलेली नुसती हाडं होती. नेकेसानं तिला कापडानं पाठीवर बांधलं आणि अंगणात फेऱ्या मारत राहिली. जुई झोपली. मी खिडकीतून बघत होते. खरं तर बाहेर जाऊन दोन चांगले शब्द बोलायला हवे होते. मी विचारलं, “कापड धुतलेलं आहे ना?”

“धुतलेलं आहे, मामा जुई,” ती म्हणाली.

इथे मामा म्हणजे आई. बाईला तिच्या पहिल्या लेकराच्या नावानं हाक मारतात. माझ्या आईला हे फोनवर समजावून सांगेपर्यंत नाकी नऊ आले होते. “मामा? कुठला मामा? तुझा भाऊ कधी आला तिकडे?” पण मला ते नाव आवडलं होतं. अंगावर ल्यायला मिळालेला तो एकच दागिना होता.

क्लबातल्या त्या प्रकारानंतर थोड्याच दिवसांत आमच्या घरी ‘पोटाचं घड्याळ’ आलं.

ते घेऊन आली डॉ. अकिन्यी. किसुमू शहरातली, माझ्याच वयाची, बॅटरीच्या मोटरसायकलवरून गावं पालथी घालणारी. तिच्या संशोधन केंद्रानं आसपासच्या सगळ्या गावांत लहान मुलांच्या घरी ही यंत्रं बसवली होती. तुलनेसाठी कॉलनीतली काही घरं हवी होती. तीच माती, तीच हवा, पण नळ आणि फ्लशचा संडास असलेली. मी हो म्हटलं. इतक्या दिवसांत कुणीतरी मला समजेल असं बोलत होतं.

मूल पोटभर खाऊनही वाढत का नाही, हा इथला जुना प्रश्न. आपल्याकडचाही. माझी आई तरुण होती तेव्हा यावर मोठमोठे प्रयोग झाले होते. संडास बांधून दिले, साबण दिला, पाण्याची औषधं दिली, पूरक आहाराची पाकिटं वाटली. काही ठिकाणी जुलाब कमी झाले. पण मुलांची उंची वाढावी तशी वाढली नाही. कारण आतड्याच्या आतून मखमलीसारखी बारीक लव असते आणि अन्न शोषून घेते ती तीच. रांगणारं मूल माती, कोंबडीची घाण, जे हाती लागेल ते तोंडात घालतं. रोजच्या त्या माऱ्यानं लव सुजते, झिजते, सपाट होते. मग वरून कितीही घाला, चाळणीत पाणी.

“आम्ही इतकी वर्षं विचारत होतो, पोटात घाण काय जाते?” अकिन्यी भिंतीला भोक पाडता पाडता म्हणाली. “आता विचारतो, ती जाते तेव्हा आत कोण असतं?”

काही मोठ्या माणसांच्या आतड्यात असे जंतू असतात की ते त्या लवेवर पहारा देतात. बाळाकडे ते येतात माणसांकडूनच. जन्मताना आईकडून, नंतर हातांतून, पाप्यांतून, एका वाटीतल्या खाण्यातून. आणि जात एकच असली तरी प्रत्येक माणसाच्या जंतूंचं वळण किंचित वेगळं असतं, हस्ताक्षरासारखं. यंत्र तेवढं ओळखायचं.

“म्हणजे विरजण,” मी म्हटलं. “आमच्याकडे दही लावायला शेजारणीकडून चमचाभर दही आणतात. मग घरात पिढ्यान्‌पिढ्या तिचंच दही.”

“बरोबर. फक्त इथे ती शेजारीण कोण, हे कळतं.”

घड्याळ ताटलीएवढं होतं. खाली एक छोटा खण. त्यात जुईच्या लंगोटाचा बरबटलेला कोपरा कापून ठेवायचा. थोड्या वेळानं वरचं वर्तुळ रंगांनी भरायचं. घरातल्या मोठ्यांचे नमुने आधीच घेतलेले. माझा रंग हिरवा, इंद्रजितचा निळा, नेकेसाचा शेंदरी. ज्याला कुणी धनी नाही, म्हणजे माती, पाणी, कोंबड्या, तो करडा.

पहिलं वर्तुळ उजळलं तेव्हा आम्ही तिघंही समोर उभे होतो. मी, इंद्रजित, आणि कडेवर जुईला घेतलेली नेकेसा.

वर्तुळ शेंदरी झालं. काठाला करड्याची किनार होती, एका जागी टाचणीच्या डोक्याएवढा निळा ठिपका. हिरवा मी शोधत राहिले.

“मी आहे बरं का, ठिपक्याएवढा!” इंद्रजित म्हणाला. “डिपॉझिट जप्त, पण उमेदवारी तरी दिसतेय.”

“माझा कुठाय?”

“असेल गं. यंत्रच आहे ते.”

नेकेसा जुईच्या पायातला मोजा वर ओढत राहिली. पण तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. मी ते पाहिलं. बघण्याच्या बाबतीत माझा हात कुणी धरू शकत नाही.

अकिन्यी मात्र खूष झाली. “सुंदर! लवेवर पहारा पक्का आहे. तिचं वजन उगाच नाही वाढलं.”

कुंपणाबाहेर तर त्या वर्तुळांनी धुमाकूळ घातला होता. केंद्रानं तत्त्व म्हणून ठरवलं होतं की माहिती ज्याच्या पोटाची, ती त्याच्या घरच्यांना दिसलीच पाहिजे. मग सासवा सुनांना वर्तुळ दाखवून टोमणे मारू लागल्या. एका नवऱ्यानं लेकराच्या पोटात आपला रंग नाही म्हणून दोन दिवस जेवण टाकलं; त्याला बायकोनं सुनावलं की आधी लेकराला कडेवर घे, मग रुस. ज्या बायांचा रंग परक्या मुलांतही पसरतो आणि टिकतो, त्यांना लोक ‘मामा म्बेगु’ म्हणू लागले. म्बेगु म्हणजे बी. नेकेसाचं नाव त्यांत होतं. संध्याकाळी ती घरी जाताना कुणी ना कुणी आपलं मूल पुढे करायचं, एक घास भरव म्हणून.

हे मला घोरपडेवहिनींनी सांगितलं. वर म्हणाल्या, “तुझी बाई तर सेलिब्रिटी झाली गं.”

मी आता नेकेसावर नजर ठेवू लागले. म्हणजे आधीही ठेवत होते, पण आता ती दिसेल अशी बसत नव्हते. मागच्या पडवीत ती जुईला खाऊ घालायची, तिथे स्वयंपाकघराच्या जाळीतून दिसतं. एका दुपारी तिनं भाजलेल्या रताळ्याचा तुकडा तोडला, स्वतःच्या तोंडात टाकला, शांतपणे चावला, आणि बोटावर घेऊन जुईच्या तोंडात घातला.

माझ्या अंगावर काटा आला. आमच्या घरात आई आमटीची चव कधी बघायची नाही, मीठ अंदाजानं. ताटाला लागलेला चमचा भांड्यात परत गेला तर ते भांडं कामवालीला. आणि इथे माझ्या लेकीच्या तोंडात दुसरीचं उष्टं.

“नेकेसा! हे काय चाललंय?”

“रताळं, मामा जुई.”

“तुझ्या तोंडातलं?”

“मग कुणाच्या?” ती म्हणाली. “हिला दाढा कुठायत अजून?”

“मी वरणभात मिक्सरमधून काढून ठेवलाय. उकळलेल्या वाटीत.”

“तो हिनं थुंकला.” आणि जुईनं, जणू साक्ष द्यायची म्हणून, माझ्याकडे बघून ‘च्स्स’ केलं.

त्या दिवशी मी काही बोलले नाही. बोलले असते तर उष्ट्याबद्दल बोलले असते, आणि मला खुपत होतं ते उष्टं नव्हतं.

ठिणगी पडली ती बाजारात. मी टोमॅटो निवडत होते, जुई नेकेसाच्या पाठीवर. पलीकडून एका बाईनं हाक मारली, “मामा जुई!”

मी वळले. बाई माझ्याकडे बघत नव्हती. आणि माझ्याबरोबर नेकेसाही वळली होती. तिनं हात हलवून उत्तर दिलं, हसून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला म्हणाले, “माझ्या सासूबाई येताहेत भारतातून. आता त्या सांभाळतील जुईला.”

ती ओट्यापाशी उभी होती. “किती दिवस?”

“बघू. तुला कळवते.”

ती जुईकडे बघत राहिली. मग कापडाची घडी करून काखेत मारली आणि निघाली. फाटकापर्यंत जुई शांत होती. फाटक लागलं आणि तिनं जो हंबरडा फोडला, तो मी कानावर हात न ठेवता ऐकला. शिक्षा म्हणून नाही, मोजायला. माझ्यासाठी ती कधी अशी रडली होती का, ते आठवत होते.

“आई येणार आहे?” इंद्रजितनं संध्याकाळी विचारलं. “मला कुणी बोललं नाही.”

“नाही येणार.”

तो बराच वेळ बूट काढत बसला. “शलाका, तू भिंतीवरच्या दिव्याशी भांडतेयस.”

“तुला ठिपका तरी आहे.”

मग मी कंबर कसली. उकळलेल्या वाट्या फडताळात गेल्या. नाचणीची भाकरी दुधात कुस्करली, दार लावून घेतलं, आणि घास तोंडात घेऊन चावायला लागले. आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला. घसा तो घास गिळायलाही तयार नव्हता आणि बाहेर काढायलाही. शेवटी बोटावर घेतला आणि जुईपुढे धरला. तिनं वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड घट्ट मिटलं. मी गाणी म्हटली, माकडाची तोंडं केली, एकदा चक्क रडले. रडले तेव्हा तिनं खाल्लं.

दिवसातून कितीदा तरी मी तिचे पापे घ्यायची. प्रेमानं घेतलेले किती आणि बी पेरायला घेतलेले किती, ते माझं मलाच सांगता यायचं नाही. सकाळी उठले की आधी खण उघडायचा.

शेंदरी मागे हटू लागला. एवढा आनंद मला जुईचा पहिला दात दिसला तेव्हाही झाला नव्हता. हिरवी रेघही उमटली, केसाएवढी. पण शेंदरी जिथून हटला ती जागा हिरव्यानं भरली नाही. ती करडी झाली. रोज थोडी जास्त. मी वर्तुळाकडे असं बघत राहिले की जणू नजरेनंच ते हिरवं होणार होतं.

मग जुईला जुलाब लागले. डोळे खोल गेले, ओठांना पापुद्रे आले. दवाखान्यात तिला सलाईन लावताना शीर सापडेना. पाचसहा दिवसांत ती सावरली, पण घरी आणली ती पुन्हा पहिल्यासारखी, हाडांचं बोचकं. मी तिला वर्तुळासमोर नेलं नाही. अकिन्यीनं स्वतः येऊन बघितलं. सगळं करडं, आणि मधे शेंदराचं बोट पुसल्यासारखं काहीतरी.

“नेकेसा कुठाय?” तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. सासूबाईंपासून घासांपर्यंत. ती मोटरसायकलचं हेल्मेट मांडीवर घेऊन ऐकत होती.

“म्हणजे हे माझ्यामुळे झालं,” मी म्हटलं.

“मला माहीत नाही. एका मुलावरून विज्ञान ठरत नाही. जुलाब कशानंही होतात, नेकेसा असतानाही झाले असते कदाचित. आणि एक लक्षात ठेव, चावून भरवू नकोस. तूही नको, तीही नको. त्यातून रोगही जातात. तुम्हा सगळ्यांच्या तपासण्या मी केल्या आहेत म्हणून नुसतं सांगतेय, नाहीतर ओरडले असते. एका वाटीत हात घालून खाल्लंत तरी पुरतं.”

“पण माझा हिरवा का नाही रुजला? आई मी आहे तिची.”

“जागा लागते, शलाका. वाफ्यात पीक उभं असलं की दुसरं बी धरत नाही. तिथे नेकेसाचं उभं होतं. तू ते उपटलंस आणि तुझं धरायच्या आत तण माजलं.”

“तिचे जंतू कुपीत भरून नाही देता येणार?”

“देऊ. काही वर्षांनी. आज माझ्याकडे नेकेसाच आहे.” ती उठली. दाराशी थांबून म्हणाली, “आम्ही पहारेकरी मोजायला यंत्र केलं होतं. लोक त्यात माया मोजायला लागले. मला आधी सुचायला हवं होतं. मला दोन बहिणी आहेत; आई कुणाची जास्त, हे आम्ही लहानपणापासून मोजतोय.”

नेकेसाचं घर बाजाराच्या पलीकडे, उसाच्या फडांना लागून. मी तिथे कधी गेले नव्हते. जुईला कडेवर घेऊन चालत गेले. वाटेत लोक आधी जुईकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि आपापसांत काहीतरी बोलायचे. झाडून लख्ख केलेलं अंगण, पत्र्याचं छप्पर, त्यावर हातरुमालाएवढी सौर पाटी. दारात चटईवर एक बाळ बसलं होतं. बसवलेलं होतं म्हणावं. मागे उशी होती. भोवती कोंबड्या.

नेकेसा कुदळ घेऊन घरामागून आली. मला बघून थांबली नाही. कुदळ भिंतीला लावली, हात झटकले.

“सासू बरी आहे ना तुझी?” तिनं विचारलं. “फार हळू चालते वाटतं. अजून पोचली नाही.”

आम्ही दोघी बोलायचो त्या स्वाहिलीत तू आणि तुम्ही असा भेद नसतो. पण इतके दिवस मला तिच्या तोंडून ‘तुम्ही’ ऐकू यायचं. आज आलं नाही.

“ती येणार नव्हतीच,” मी म्हटलं.

“ते सगळ्या कॉलनीला माहीत आहे. मला धोबिणीनं सांगितलं.”

जुईनं तिला पाहिलं होतं. ती माझ्या कडेवरून वाकून दोन्ही हात पसरून ओरडत होती. नेकेसानं हात पुढे केले नाहीत. मी जुईला आवरत राहिले.

“हे बाळ कुणाचं?” काहीतरी बोलायचं म्हणून मी चटईकडे बघून विचारलं. “सहा-सात महिन्यांचं असेल ना?”

नेकेसानं ते बाळ उचललं. “ही नफुला. पावसात झाली म्हणून नफुला. तुझ्या जुईहून मोठी आहे.”

तिला मूल आहे एवढं मी ऐकून होते. मुलगा की मुलगी ते कधी विचारलं नव्हतं. नफुलाचे पाय जुईच्या मनगटाएवढे होते.

दारातून आत भिंतीवर घड्याळ दिसत होतं. नेकेसानं मला मानेनं आत बोलावलं. वर्तुळाचा अर्धाअधिक भाग करडा होता. उजवीकडून शेंदरी आत येत होता, कलिंगडाच्या फोडीएवढा.

“तू मला घालवलंस तेव्हा एवढाच होता,” तिनं करंगळीचं नख दाखवलं. “मी पहाटे निघायचे तेव्हा ही झोपलेली. परत यायचे तेव्हाही झोपलेली. माझी बहीण हिला पातळ पेज पाजायची. माझं दूध मी तुझ्या न्हाणीघरात पिळून टाकायचे, मामा जुई. नळ सोडून. तुला ऐकू जाऊ नये म्हणून.”

मला तो नळ आठवला. पाणी वाया घालवते म्हणून मी तिला एकदा बोललेही होते.

“आणि तुझ्या भिंतीवर रोज माझा रंग,” ती म्हणाली. “इथे करडा, तिथे मी. तुला वाटलं, मला आनंद व्हायचा?”

मी जुईला दुसऱ्या कडेवर घेतलं.

“व्हायचाही,” ती दुसरीकडे बघत म्हणाली. “हिनं माझं बोट सोडलं नाही की व्हायचा. मग घरी येऊन नफुलाकडे बघितलं की स्वतःच्या तोंडात मारावंसं वाटायचं.”

मी तिला परत न्यायला आले होते. परत ये म्हणणं म्हणजे तिला नफुलाच्या त्या कलिंगडाच्या फोडीतून उचलून न्यायचं होतं. आणि खोटं कशाला बोलू, तरीही मला न्यायचं होतं. जुईचं वाळलेलं डोकं माझ्या गळ्याशी घासत होतं.

“जुई आजारी होती,” एवढंच मी म्हटलं.

“दिसतंय.” तिनं आता प्रथमच जुईकडे नीट पाहिलं. पाहिलं आणि तिचा चेहरा हलला. “मी येणार नाही तुझ्याकडे.”

“नको येऊस.”

“तू ये. हिला घेऊन. पण नफुला तुझ्या मांडीवर बसेल. माझे हात दोनच आहेत.” तिनं नफुलाला माझ्याकडे दिलं आणि जुईला माझ्या कडेवरून उचललं. जुई तिच्या मानेत तोंड खुपसून गप्प झाली. माझ्या हातात नफुला होती. भिजलेल्या कापडासारखी हलकी. ती माझ्या मंगळसूत्राची वाटी चोखायला लागली. मी ती काढून घ्यायला हात नेला आणि तसाच परत घेतला.

मग मी रोज जायला लागले. एका वाटीत आंबवलेल्या नाचणीची पेज, आमच्या आंबिलीची सख्खी बहीण, आणि चौघींचे हात त्यात. चावणं बंद, रताळं बोटांनी कुस्करायचं. आमची भांडणंही रोज. हात साबणानं धू म्हटलं की नेकेसा ‘च्स्स’ करायची आणि धुवायची. कोंबड्या चटईवर येतात म्हणून मी इंद्रजितकडून कारखान्यातली जुनी जाळी मागवली. तिनं आधी ती नको म्हटलं, मग माझ्याहून घट्ट बांधली. नेकेसाच्या बहिणीनं आमच्यासाठी एक बाकडं आणून ठेवलं. अकिन्यीनं आमची दोन्ही घड्याळं एकमेकांना जोडून दिली, म्हणजे माझा हिरवा तिच्या भिंतीवर ओळखू येईल आणि तिचा शेंदरी माझ्या.

जुई भरायला लागली. घरच्या वर्तुळात शेंदरी परतला, करडा सरकला. माझी केसाएवढी रेघ होती ती काही परतली नाही. मी रोज बघायचे आणि रोज टोचायचं. टोचणं कमी झालं असं मी म्हणणार नाही. फक्त आता टोचत असताना मी जुईचे गाल चिमटीत धरून बघायचे.

नफुला उशीशिवाय बसायला लागली. मग एकदा माझ्या पदराला धरून उभी राहिली. मी ओरडलेच. नेकेसा धावत आली तर ती पुन्हा बसली होती.

“उभी होती! आत्ता उभी होती!”

“माझ्यासमोर नाही राहिली कधी,” नेकेसा म्हणाली. तिचा आवाज मला ओळखीचा वाटला. कुठे ऐकला ते लगेच कळलं नाही.

कळलं ते पुढच्या आठवड्यात. नेकेसानं नफुलाच्या लंगोटाचा कोपरा खणात ठेवला आणि आम्ही दोघी वर्तुळासमोर उभ्या राहिलो. जुई तिच्या कडेवर, नफुला माझ्या. वर्तुळ उजळलं. शेंदरी आता बराच पसरला होता, करडा कोपऱ्यात गेला होता. आणि वरच्या काठाला, जिथे पूर्वी कुणाचंच काही नव्हतं, तिथे एक हिरवी पट्टी होती. केसाएवढी नाही. चांगली बोटाएवढी. रुजलेली.

मी श्वास धरला. माझा रंग. माझ्या पोटच्या पोरीनं कितीदा थुंकला, आणि इथे, या मातीच्या भिंतीवर, दुसरीच्या लेकरात त्यानं मूळ धरलं होतं. मला हसू यायला लागलं. मी ते ओठ चावून दाबलं, पण कडेला काहीतरी हललंच असणार.

नेकेसानं वर्तुळ पाहिलं. मग माझ्या ओठांकडे पाहिलं.

“बारीकच आहे,” ती म्हणाली, मी ‘माझा कुठाय?’ विचारलं होतं त्या माझ्याच आवाजात.

“बारीकच आहे,” मी म्हटलं.

तिनं जुईला खाली चटईवर ठेवलं, पुढे आली, आणि नफुलाला माझ्याकडून काढून आपल्या कडेवर घेतलं. जरा जोरातच. नफुलानं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आईच्या कडेवरून वाकून माझ्याकडे दोन्ही हात पसरले.

“च्स्स,” नेकेसा म्हणाली.

मी हात पुढे केले नाहीत. लगेच नाही.